इंजिनिअर होण्याची रामुलिफो पद्धत

९ ऑक्टोबर २०२१
जेवणाचं टेबल वर्षभर डुगडुगत होतं. आज कायमचा बंदोबस्त केला. विद्यापीठांच्या प्रवेशाची माहिती देणारं एक पुस्तक दरवर्षी शाळेत येतं आणि ते माझ्याच गळ्यात मारतात. पानं थोडी, पण कागद जाडजूड, गुळगुळीत. दोनदा दुमडून पायाखाली सारलं, अगदी मापात बसलं. मुकोंडी म्हणाली, निदान वाचून तरी सारायचं होतं. बायको नर्स आहे, तिला बाटलीवरचं लेबल वाचायची सवय. मी सतरा वर्षं मुलांना आयुष्य कसं जगावं हा विषय शिकवतोय. वेळापत्रकात त्याला लाइफ ओरिएंटेशन म्हणतात. मी माहितीपुस्तक वाचू?

१० ऑक्टोबर
आमच्या लेकीला, फाथूला, इंजिनिअर व्हायचंय. आज जेवताना सांगितलं. आमच्या नदीवरचा पूल दर फेब्रुवारीत पाण्याखाली जातो, आई दोन-दोन दिवस पलीकडच्या क्लिनिकमध्ये अडकते, म्हणून म्हणे मी उंच पूल बांधणार. विचार चांगला आहे. पण विचारांना पॉइंट मिळत नाहीत. विद्यापीठ पॉइंट मोजतं. दहावीला जाताना विषय निवडायचे असतात, आणि तिथेच जगाची गाडी घसरते. यात मी लक्ष घालणार.

१४ ऑक्टोबर, दुपारी, तास चालू असताना
पद्धत तयार. इतकी सोपी की आजवर कुणाला कशी सुचली नाही याचं नवल वाटतं. नवल कसलं, आमच्या स्टाफरूममध्ये कुणाला काही सुचतच नाही.
ऐंशी टक्क्यांना सात पॉइंट. पन्नासला चार. मग पन्नास पडतील असे विषय घ्यायचेच कशाला? गणिताच्या जागी मॅथ्स लिटरसी. त्यात काय, विजेचं बिल वाचा, नकाशात गाव शोधा. डोळे मिटून ऐंशी. फिजिकल सायन्सच्या जागी टुरिझम. तिथेही ऐंशी. वर इंजिनिअरिंग ड्रॉइंग, म्हणजे नावातच इंजिनिअरिंग आलं. आणि मुकुटमणी लाइफ ओरिएंटेशन.
तक्ता करून स्टाफरूममध्ये लावला. खाली सही केली. माझी सही लांब आहे, शोभून दिसते.

२० नोव्हेंबर, शनिवार
वरच्या आळीत अंत्यविधी. अर्थात सूत्रसंचालन माझ्याकडे. या पंचक्रोशीत प्रोग्रॅम डायरेक्टर म्हटलं की रामुलिफो सर. मातीनंतर, जेवणाआधी पाच मिनिटं मिळाली. आठशे माणसं, चालू माइक, कुणी उठून जाऊ शकत नाही. पद्धत समजावून सांगितली. मयताच्या भावाने दोनदा घड्याळ दाखवलं. काही लोकांना दुःखातही घाईच असते.
जेवणाच्या रांगेत मुशोंगा भेटला. फाथूच्या शाळेत गणित शिकवतो. झिंबाब्वेहून आलाय, आठ वर्षं अंगात एकच कोट, दर शनिवारी फुकट वर्ग घेतो. ज्याच्या ज्ञानाला मोल असतं तो फुकट शिकवतो का? हळूच म्हणाला, सर, इंजिनिअरिंगला पॉइंट पुरत नाहीत हो, खरं गणित आणि फिजिकल सायन्स लागतंच. मी म्हणालो, मुशोंगासाहेब, मांस संपेल, पुढे सरका.

२७ नोव्हेंबर
शेजारची मेरिअमताई खुलिसोला घेऊन आली. रस्त्याकडेला अवोकॅडो विकते, नवरा नाही, एकुलता एक मुलगा. नववीत गणितात पहिला आला म्हणे. अर्ध्या गावाचे पाण्याचे पंप हाच दुरुस्त करतो. त्यालाही इंजिनिअर व्हायचंय. मेरिअमताई म्हणाली, सर, मी तिसरी शिकलेली, मला यातलं ढिम्म कळत नाही, तुम्ही सांगाल तसं.
अशी माणसं हवीत. माझ्या हाताने यादी लिहून दिली. पोराने विचारलं, सर, मला गणितात ब्याण्णव आहेत, तरी सोडू? मी म्हणालो, आज ब्याण्णव आहेत, बारावीत बेचाळीस होतील, तेव्हा माझ्या दारात रडत येऊ नकोस. यादी जपून वहीत ठेवली. गुणी मुलगा. जाताना पिशवीभर अवोकॅडो ठेवून गेली.

१९ जानेवारी २०२२
फाथूचा विषयांचा फॉर्म मी स्वतः भरला. मॅथ्स लिट, टुरिझम, ड्रॉइंग, सगळं. तिने तो निमूट दप्तरात ठेवला. पोरगी आईसारखी नाही, नशीब.

७ फेब्रुवारी
फाथूने आणखी एक कागद सहीला आणला. चहा घेत होतो. कसला म्हणून विचारलं, तर म्हणाली, शाळेचा. शाळेचाच असणार, क्लिनिकचा कशाला असेल. सही केली. मुकोंडी स्वयंपाकघरातून म्हणाली, वाचलंत का? मजकूर वाचणं हे कारकुनाचं काम. मुकोंडी हसली. तिला हल्ली उगाच हसू येतं. मी संकल्प केलाय, लक्ष द्यायचं नाही.

२ जुलै
प्रगतिपुस्तक आलं. लाइफ ओरिएंटेशन ९१. बाकीचे रकाने काय बघायचे, शितावरून कळतं. सही केली.

१३ मे २०२३
फाथू दर शनिवारी मुशोंगाच्या वर्गाला जाते असं कळलं. खुर्च्या मांडायला जात असणार. समाजसेवेची आवड माझ्याकडून आली.

२१ ऑगस्ट
फाथूच्या वहीत उतारावरून घसरणारा ठोकळा काढलेला, चहूबाजूंनी बाण. टुरिझममध्ये हल्ली डोंगरातल्या सहली शिकवतात वाटतं. अभ्यासक्रम सुधारतोय, चांगलं आहे.
संध्याकाळी खुलिसो दिसला, मेरिअमताईच्या पाट्या उचलत होता. अभ्यास कसा चाललाय विचारलं. म्हणाला, सर, मॅथ्स लिटचा पेपर अर्ध्या तासात संपतो, उरलेला वेळ कंटाळा येतो. बघा. हीच तर पद्धतीची किमया. मुलाला फुरसत मिळते.

१६ फेब्रुवारी २०२४
पूल पाण्याखाली. मुकोंडी कालपासून पलीकडे. मला शाळेत जाता आलं नाही, म्हणजे दोन्ही बाजूंचं नुकसान. फाथू काठावर जाऊन काठीने पाणी मोजत होती आणि वहीत लिहीत होती. हाक मारली तर म्हणाली, बाबा, खांब फक्त दीड मीटर आणखी उंच असते ना, तर आई आज घरी असती. रात्री दोघांनी मक्याच्या पिठाचं गारढोण पाप आणि कालची भाजी खाल्ली. मुकोंडीशिवाय घर खायला उठतं. हे मी कुणाला सांगणार नाही.

९ ऑगस्ट
खुलिसोला विद्यापीठाचा मेसेज आला. नकार. मेरिअमताई फोन हातात घेऊन दारात उभी. विषय जुळत नाहीत असं काहीतरी लिहिलंय म्हणाली. मी सांगितलं, पोराने फॉर्म चुकीचा भरला असणार, हल्लीच्या पोरांना रकाने भरता येत नाहीत. दुसरीकडे भर म्हणालो.

३० ऑगस्ट
खुलिसोला दुसरीकडूनही नकार. कॉम्प्युटरचा घोळ. कॉम्प्युटर शेवटी माणसंच चालवतात, आणि माणसांबद्दल माझं मत मी वेळोवेळी लिहून ठेवलेलं आहे.

१८ सप्टेंबर
फाथूला सिव्हिल इंजिनिअरिंगला तात्पुरता प्रवेश. आता फक्त बारावीचे मार्क यायचे. हा घ्या पुरावा. लगेच स्टाफरूममध्ये तक्त्याच्या खाली लाल शाईने लिहिलं: सिद्ध. मुख्याध्यापक चष्मा काढून बराच वेळ तक्त्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, रामुलिफो, तुमच्या मुलीने नेमके कोणते विषय घेतलेत? मी म्हणालो, वर लिहिलेत की. म्हणाले, बरं. या माणसाला कौतुक करताना जीभ जड होते.
मुशोंगा रस्त्यात भेटला, अभिनंदन म्हणाला. मी मोठ्या मनाने स्वीकारलं. कोट तोच.

१४ जानेवारी २०२५
निकाल लागला. फाथू फोनवर बघून आईच्या गळ्यात पडली, दोघी रडल्या. पास झाली एवढं मला ओरडून सांगितलं. मार्क सांगू नकोस म्हणालो, कागद येऊ दे, मी सगळ्यांसमोर वाचणार. शनिवारी बकरा कापायचा. मुकोंडी म्हणाली, कशाला माइक लावता, घरातल्या घरात करू. तिला मोठेपणा सोसत नाही. फाथू म्हणाली, बाबा, आधी तुमच्याशी थोडं बोलायचंय. म्हटलं, शनिवारी बोल, माइकवर.
खुलिसोही पास, पाच विषयांत ऐंशीच्या वर. त्यालाही बोलावलंय. माझे दोन शिष्य एका मांडवात.

१८ जानेवारी, संध्याकाळी
लिहायचं नव्हतं. लिहितो.
मांडव भरला होता. दीडशे माणसं. मी निळा सूट घातला होता. मेरिअमताई सकाळपासून पापच्या हंड्यावर उभी, खुलिसो पाणी वाढत होता. सर्व मान्यवरांचा उल्लेख करून झाला, पद्धतीचा इतिहास सांगून झाला, मग फाथूच्या हातून कागद घेतला. ती देत नव्हती. ओढून घेतला.
खड्या आवाजात वाचलं. आपली मातृभाषा त्शिव्हेंडा, ८३. टाळ्या. इंग्लिश, ७४. टाळ्या. मॅथेमॅटिक्स, ८१.
थांबलो. वाटलं ओळ चुकली. बोट ठेवून पुन्हा वाचलं, माइक चालू होता, त्यामुळे दीडशे माणसांनीही पुन्हा ऐकलं. मॅथेमॅटिक्स. पुढे लिटरसी नाही. खाली फिजिकल सायन्स, ७८. टुरिझम कुठेच नाही. मी विचारलं की हा कुणाचा कागद आहे, आणि तेही माइकवर विचारलं.
मुकोंडी पुढच्या खुर्चीतून म्हणाली, तुमच्याच मुलीचा आहे, पुढे वाचा.
कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, चार शब्द सुनावता आले असते. मुशोंगा ताटात बघत होता. मुख्याध्यापक चष्मा पुसत होते. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. फक्त मला आणि मेरिअमताईच्या घराला माहीत नव्हतं.
तिचं ढवळणं थांबलं. लाकडी पळा हातात धरून सरळ मांडवात आली आणि सगळ्यांदेखत विचारलं, सर, माझ्या पोराच्या यादीत हे नव्हतं ना?
मी माइक बंद केला.

१९ जानेवारी
फाथूने सगळं सांगितलं. बावीस सालचा तो कागद विषय बदलायचा होता. मुशोंगाने आणून दिला, आईला ठाऊक होतं, सही माझी. फाथू म्हणाली, बाबा, तुम्ही विचारलं असतं तर मी खरं सांगणार होते, शपथ. मी विचारलं नाही, हेही खरं. मी म्हणालो, मग खुलिसोला का नाही सांगितलंस? तेव्हा तिचे डोळे भरले. सांगितलं होतं म्हणाली. दोनदा. तो म्हणाला, सर चुकीचं कशाला सांगतील.

२१ जानेवारी
खुलिसो आला. यादी घेऊन. माझ्या अक्षरातली, लॅमिनेट करून ठेवली होती पोराने. खाली लांब सही.
मला वाटलं भांडेल. उत्तरं तयार ठेवली होती, तीन होती. भांडला नाही. म्हणाला, सर, गणित आणि सायन्स लागतं हे कुठे लिहिलेलं असतं? मला बघायचंय.
मी म्हणालो, असतं कुठेतरी. फाथू खाली बसली, टेबल एका हाताने उचललं आणि पायाखालचं पुस्तक काढलं. घड्या उलगडून पान शोधून दिलं. इंजिनिअरिंगचं पान नेमकं घडीवर आलेलं, पण शाई शाबूत. दोन ओळी. खुलिसोने मोठ्याने वाचल्या. मग मुखपृष्ठावरचं साल बघितलं, मग माझ्या यादीखालची तारीख बघितली. यादी पुस्तकानंतरची होती.
आता तो दहावीच्या गणितापासून सुरुवात करणार आहे. दर शनिवारी मुशोंगाकडे, दिवसा आईच्या पाट्या. दोन वर्षं तरी जातील, फाथू म्हणाली, मीही सुट्टीत शिकवेन. एकोणीस वर्षांचा झाला. पुस्तक नेऊ का म्हणून विचारलं. ने म्हणालो. माफ कर म्हणायचं होतं, ते म्हणेपर्यंत तो दारात पोचला होता. तिथून वळून थँक्यू सर म्हणाला. टोमणा मारत नव्हता. तो सरळ मुलगा आहे.

२२ जानेवारी
स्टाफरूममधला तक्ता काढला. चार खिळे निघाले, एक राहिला.
टेबल पुन्हा डुगडुगतंय, अक्षर नीट येत नाही. मुकोंडीने चहा ठेवला, तो बशीत सांडला. तिने या वहीची जाडी बोटांनी मापून बघितली, म्हणाली, सव्वातीन वर्षांत चांगली भरलीय, मापात बसेल. मी म्हणालो, आधी वाचून तरी बघ. म्हणाली, नको, यात काय असणार ते मला माहीत आहे.
खाली वाकून टेबल उचलून उभी आहे. वही मागतेय. देतो.