साठ मीटर खाली

प्रिय ताई,

मी मजेत आहे, जेवणखाण वेळच्या वेळी होतं, एवढं आईला वाचून दाखव. पुढचं तुझ्यापुरतं.

समुद्राच्या तळाशी पाइपांना वेल्डिंग करायचं काम आता हाताला चांगलं बसलंय. मुकादम म्हणतात, "पोरी, तुझ्यात अजून बरंच आहे." मला असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं गं.

मंगळवारी पन्नास मीटरवर गेले. जोड सुरेख बसला आणि इतकं भरून पावल्यासारखं वाटलं, की वर यावंसंच वाटेना. शेवटी वरून दोरी धरणाऱ्या काकांनी मला खेचून काढलं. वर येताच ते ओरडले,

"पाच वेळा दोरी हलवून खूण केली. उत्तर का दिलं नाहीस?"

मला एकही खूण कळली नव्हती, ताई.

नाकातून जरा रक्त आलं, ते थांबलंय. बाबांचा गुडघा कसा आहे? छोटीला दात आले का?

काका म्हणाले, "खोल पाण्याची नशा चढते तुला. महिनाभर पाण्यात उतरू नकोस." मी हसले, तर म्हणाले, "मग तुझी दोरी मी धरणार नाही."

परवा साठ मीटर. मुकादमांनी विचारायच्या आधी मीच मागून घेतलं. दोरीला नवा माणूस मिळालाय.

आईबाबांच्या पाया पडते, छोटीचा पापा घेते.

तुझी,
धाकटी