आबांच्या नावाची कमान

वाडी (दिंद्रुड), २ एप्रिल २०२५

चि. सत्यशीलास दादाचा आशीर्वाद. वि. वि.

तू फोन घेत नाहीस, नंबरही अडवून ठेवलास, म्हणून पोस्टाला त्रास. गोठा गेला, कडब्याची गंज गेली. बंब आला पन्नास मिनिटांनी, वरातीसारखा. आणि त्यातनं उतरून तुझ्या नवऱ्यानं साऱ्या गावापुढं मला बाजूला सरकायला सांगावं? दोनदा सरपंच झालेल्या माणसाला, हातात पाण्याची नळी धरून! लोक तापले. कुणीतरी दगड भिरकावला, तो त्यांना लागला. त्यात आमचा काय दोष?

आता पोलीस नावं विचारत फिरतायत म्हणे. दोन मेला माझ्या धनश्रीचं लग्न हाय. मुलाकडची माणसं लई चौकस. भाचीच्या लग्नात विघ्न नको असेल तर त्रिंबकरावांना सांग, गाडीवरून पडलो असं लिहून द्या. एवढं ऐकलंस तर माहेरचं दार उघडंच आहे.

रामकिसन

माजलगाव, ६ एप्रिल

ती. रामकिसनदादास शि. सा. नमस्कार.

गोठ्याचं वाईट वाटलं. जनावरं वेळेवर सोडलीत हे बरं झालं. ह्यांच्या डाव्या डोळ्यावर नऊ टाके आहेत. तू विचारलं नाहीस, म्हणून कळवते. नजर किती राहील हे पट्टी सुटल्याशिवाय डॉक्टर सांगत नाहीत. नजर गेली की बंबावरचं काम गेलं.

पन्नासातली पंचवीस मिनिटं तुझ्या कमानीची. बंब वेशीत आला आणि आपल्या आबांच्या नावाखाली अडकला. मिस्त्री उंच घ्या म्हणत होता. तूच म्हणालास, एवढ्या वर आपला फोटो कुणाला दिसणार. तेव्हापासून उसाच्या ट्रॉल्या ओढ्याकडून येतात, हे गावातल्या शेरडांनाही माहीत. ह्यांना का ठाऊक नव्हतं? कारण उद्घाटनाला तू ह्यांना बोलावलंच नाहीस. पाणी मारणारा जावई मंडपात शोभत नव्हता.

आणि दगड म्हणे लोकांनी मारला. व्हिडिओ माझ्या फोनात आहे. त्यात लोकांच्या अंगात तुझा इस्त्रीचा पांढरा सदरा आहे आणि लोकांच्या मनगटात तुझंच सोन्याचं कडं. ह्यांनी जबाबात लिहून दिलं, धूर होता, कोणी दिसलं नाही. ते तसेच आहेत. मी धुरात नव्हते. इथं ये, ह्यांच्यासमोर बस, दगड मी मारला म्हण. आणि कमान उंच कर. मग व्हिडिओ कुणाला दाखवणार नाही.

लोभ तुझ्याकडून आटलाय, तेवढा भरून काढावा.

सत्यशीला

वाडी, १७ एप्रिल

चि. सत्यशीलास आशीर्वाद.

आबांच्या नावाला हात लावणार न्हाई. जेसीबी आणून कमानीखालचा रस्ताच दोन हात खोदला. आता बंब काय, हत्ती जाईल. झालं समाधान? पावसाळ्यात पाणी साचेल म्हणतात. साचू दे, बंबाला पाण्याचं काय वावडं?

बाकी, थोरल्या भावानं धाकट्या बहिणीच्या दारात माफी मागायची रीत आपल्यात न्हाई. रागाच्या भरात हात उठतो माणसाचा. सोबत लग्नपत्रिका आहे. त्रिंबकरावांना 'अग्निशमन अधिकारी' छापलंय, अजून काय पाहिजे? व्हिडिओ पुसून टाक.

आशीर्वाद कायम आहेत, तू नीट वागलीस तर.

रामकिसन

माजलगाव, २४ एप्रिल

ती. दादास नमस्कार.

परवा पट्टी सुटली. डाव्या डोळ्याला उजेड कळतो, माणूस कळत नाही. ह्यांना आता बंबावरून उतरवून फोन घ्यायला बसवणार आहेत.

पत्रिका ह्यांनी उजव्या डोळ्यानं वाचली. 'अधिकारी' बघून हसले आणि आहेर काय न्यायचा म्हणून विचारू लागले. ते लग्नाला येतील, जेवतील, तुला रामरामही घालतील. मला ते जमणार नाही.

काल ठाण्यात जाऊन व्हिडिओ दिला, खाली सही केली. धनश्रीचा ह्यात काही दोष नाही, म्हणून फौजदारांना हात जोडले, आधी लग्न होऊ द्या म्हटलं. ते कबूल झाले. तुला बोलावणं तीन तारखेला येईल.

कळावे. लोभ अजून थोडा शिल्लक होता, तो लग्नापुरता वापरला.

सत्यशीला