भिंगरीची हजेरी

शुक्रवार, संध्याकाळ

पोचलो एकदाचे! किल्ल्याच्या पायथ्याचं विश्रामगृह स्वच्छ आहे, नळाला गरम पाणी येतं आणि खिडकीतून थेट बुरूज दिसतो. मला नेहमीप्रमाणे गाडी लागली. मी मागच्या सीटवर तोंडावर शाल घेऊन आडवी होते ती मुक्कामालाच उठते. नवऱ्याच्या मते मी प्रवासी नाही, सामान आहे.

आमचा थोरला, दादा, किल्ल्याचं पुस्तक पाठ करून आलाय. शेंडेफळ भिंगरी आल्याआल्या गादीवर उड्या मारून बापाचा ओरडा खाऊन बसली.

दादा लहानपणी एकदा बाजारात हरवला होता. तेव्हापासून नवरा जाऊ तिथे हजेरी घेतो. प्रत्येकानं ‘आहे’ म्हणायचं. भिंगरी मात्र दरवेळी ठसक्यात ‘नाहीये!’ म्हणते. आम्ही हसतो, तो चिडतो.

शनिवार, दुपार

सकाळभर तटावर हिंडलो. भिंगरीला चालायचं नव्हतं आणि बापाला थांबायचं नव्हतं. दोघांचं चांगलंच वाजलं. मग खालच्या दरवाज्याकडे उतरणारं भुयार लागलं. आत गारवा, डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा काळोख. भिंगरी फुगून माझ्या मागे चालत होती, माझ्या पिशवीचा बंद धरून.

शेवटाला उजेड दिसू लागला तशी हजेरी झाली. दादा बोलला, मी बोलले. भिंगरी गप्प. पुन्हा तमाशा नको म्हणून मीच बारीक आवाज काढून ‘आहे’ म्हटलं. बंदाला हलकासा हिसका बसला. म्हटलं, आहेच की मागे.

बाहेर आलो तर ती नव्हती.

नवरा म्हणाला, आत्ता तर बोलली, म्हणजे बाहेर येऊनच कुठेतरी पळाली असणार. तो आणि दादा तळ्याकडे धावले. मीही त्यांच्यामागे धावले. सगळीकडे शोधलं. भुयारात कोणीच गेलं नाही. मीही नाही. गेले असते तर का, ते सांगावं लागलं असतं.

शेवटी तीच आली. भुयारातून, सावकाश चालत. नवऱ्यानं तिला उचलून घेतलं आणि लहान पोरासारखा रडला. मला रडू आलं नाही.

शनिवार, संध्याकाळ

भिंगरी मघापासून खुर्चीत बसून आहे. उडी नाही, हट्ट नाही. नवरा खूश. म्हणतो, चांगला धडा मिळाला.

जेवायला बसताना त्यानं गमतीनं हजेरी घेतली. ती म्हणाली, ‘आहे.’

तो तिचा आवाज नाही. मी काढला होता ना, तो.

रविवार, सकाळ

नवऱ्याला सगळं सांगायचं ठरवून उठले. ती दारात उभी होती, माझ्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत. माझ्याकडे बघून हसली.

नाही सांगितलं. तो म्हणतो, तू दमलीयेस, गाडीत झोप.

रविवार, निघताना

गाडी खालच्या दरवाज्यापाशी उभी आहे. बाटली राहिली असं खोटंच सांगून भुयाराच्या तोंडाशी आलेय. लिहिल्याशिवाय आत जायचं धाडस होत नाही —

हाक मारली. पुन्हा मारली.

आतून, खूप लांबून, रडून बसलेल्या घशानं, तरी ठसक्यात — नाहीये.

माझी पोर. कालपासून. आणि मी तिकडे त्या दुसरीला भरवत —

तिकडे गाडीपाशी हजेरी चाललीय. नवऱ्याचं डोकं डिकीत, सामान लावतोय. दादा, आहे. ती, आहे. आता आई —

मी ओरडतेय. मला माझाच आवाज ऐकू येत नाही. मागच्या सीटवर माझी शाल. शालीखाली कोणीतरी आडवं —

‘आहे.’ माझ्याच आवाजात.

त्यानं वळूनही पाहिलं नाही. गाडीची दारं लागली.

भिंगरी, बाळा, मी आले गं. अजून एकदा म्हण. कुठल्या बाजूनं —