हातचे पन्नास किलो

चंडीगड, मंगळवार, जानेवारी १९९०

आज मी हातचे वजन मोडले. बरोबर केले का?

दुपारी इंडस्ट्रियल एरियातल्या आमच्या वर्कशॉपमध्ये अमृतसरकडचे एक सरदारजी आले. सोबत बायको, धाकटा भाऊ आणि म्हातारी आई, बीजी. घरावर दुसऱ्यांदा अतिरेक्यांच्या धमकीची चिठ्ठी लागली म्हणे. गाव सोडायचेय. पिकअपला गोळी अडेल अशा जाड प्लेटा हव्यात, मागे सामानाची ट्रॉलीही ओढायचीय. ट्रॉलीला मी साफ नाही म्हटले. एवढ्या वजनाला ब्रेक पुरणार नाहीत.

गाडीला आठशे किलो झेपतात. खराब रस्त्यासाठी पन्नास मी नेहमी हातचे राखतो. प्लेटांचे पाचशे दहा. माणसांना उरले दोनशे चाळीस.

भंगाराच्या काट्यावर एकेकाला उभे केले. तिघांचेच दोनशे दोन भरले.

"फिर बीजी?" सरदारजींनी विचारले.

बीजींनी जुती काढली. मग शाल उतरवून माझ्या हातात दिली आणि कुडकुडत काट्यावर चढल्या. "अब देख, पुत्तर."

पंचेचाळीस. सात किलो जास्त. म्हटले, चालेल, बसा.

सात किलोंनी स्प्रिंगचे पाटे तुटत नाहीत, हे मला पक्के ठाऊक आहे. तरी ती शाल अजून हातात असल्यासारखी वाटते. घरातले सगळ्यात हलके माणूस ते. आणि काट्यावर चढताना सरदारजींनी कमरेचे पिस्तूलसुद्धा काढले नव्हते.