यंत्राच्या पोटात गेलेलं तुझं घड्याळ

ती. ताईस,

धाकट्या भावाचा वाकून, पण लांबून नमस्कार. (लांबून, कारण तू रागात असताना जवळ यायची चूक मी सहावीत एकदा करून बसलोय.) गुडघा कसा आहे? रक्तदाबाची गोळी घेतेस ना? घेतली नसशील तर आधी घे, मग पुढचं वाच. फोनवरच सांगितलं असतं, पण माझा आवाज ऐकला की तू फोन ठेवतेस. पत्र निदान अर्धं तरी वाचून होतं.

तर पहिली गोष्ट अशी, की दाजींनी लग्नात तुला दिलेलं घड्याळ आत्ता माझ्यासमोर टेबलावर टिकटिक करतंय. दुसरी गोष्ट अशी, की मधले नऊ दिवस ते कुठे होतं याचा मला पत्ता नव्हता. दोन महिने तू दर शनिवारी दोन बस बदलून घड्याळाची चौकशी करायला येतेस आणि मी 'पार्ट आला नाही' म्हणून चहा पाजतो. गेल्या शनिवारी मात्र तुला स्टुलावर बसूही न देता दारातूनच वाटेला लावलं, ते याचमुळे. 'या दुकानाची पायरी पुन्हा चढणार नाही,' म्हणालीस. बरोबरच म्हणालीस. पण एकदा ऐकून घे.

दाराशी ठेवलेली ती दोन जपानी यंत्रं तू पाहिलीच आहेस. (तू त्यांना पोरखेळ म्हणालीस आणि मी आत वळल्यावर हळूच एक नाणं टाकलंस. मी पाहिलंय.) ती ठेवून गेलेल्या कंपनीची बाई सांगत होती, जपानात ही गल्लोगल्ली असतात आणि आता बाहेरच्या देशांतही लोकांना त्यांचं वेड लागलंय. नाणं टाकायचं, मूठ फिरवायची, खडखडाट होतो आणि खालून प्लास्टिकचा गोळा पडतो. आत काय निघेल ते देवालाही ठाऊक नसतं. आमच्या यंत्रात 'दमलेले प्राणी' आहेत: फायलींवर डोकं टेकून झोपलेला पाणघोडा, रांगेत उभं राहून मान वाकडी झालेला जिराफ, एका पायातली चप्पल हरवलेलं कासव, असे सहा. मला वाटलं पोरं येतील. पोरं कसली! येतात ती टाय लावलेली माणसं. समोरच्या बँकेचे मुख्य रोखपाल, ज्यांच्या कपाळावरची आठी पाहून लोक स्वतःच्याच खात्यातले पैसे मागायला बिचकतात, ते रोज जेवणाच्या सुट्टीत हजर. चार पाणघोडे जमलेत त्यांच्याकडे, जिराफ मात्र नाही. वरच्या मजल्यावरची दाताची डॉक्टरीण तर पेशंटच्या तोंडात कापूस कोंबून, 'हलू नका' असं बजावून खाली येते. लोक खेळण्यासाठी थांबतात आणि थांबलेत म्हणून बंद पडलेलं घड्याळही आठवतं, त्यामुळे माझी तक्रार नव्हती.

आता माझा स्वभाव तुला माहीत आहे. रिकामी काडेपेटीसुद्धा माझ्याच्याने टाकवत नाही. लोक खेळणं घेऊन रिकामा गोळा तिथेच टोपलीत टाकतात. घट्ट झाकणाचा, धूळ न शिरणारा, तळहातात मावणारा असा तो गोळा जणू घड्याळवाल्यासाठीच बनवलेला! मी तयार झालेली घड्याळं नंबराच्या चिठ्ठीत गुंडाळून त्या गोळ्यांत ठेवायला लागलो. (तुझं घड्याळ त्या तयार घड्याळांत काय करत होतं, ते शेवटी सांगतो.) तुझी भावजय म्हणाली, एक दिवस घोटाळा होईल. बावीस वर्षं ती प्रत्येक बाबतीत हेच म्हणते, तेव्हा कधीतरी खरं ठरणारच होतं.

एका दुपारी डोळ्याला भिंग लावून काम करत होतो, तेवढ्यात त्यातलं एक यंत्र अर्धं रिकामं झालं. त्याची चावी माझ्याकडेच असते. भिंग न काढताच उठलो. एक डोळा मिटलेला, दुसऱ्याला तीन बोटांपलीकडचं सगळं धूसर. खेळण्यांचं खोकं समजून घड्याळांचा ट्रे उचलला, सातच्या सात गोळे यंत्रातल्या उरलेल्या खेळण्यांत ओतले, कुलूप लावलं आणि पुन्हा येऊन बसलो.

घड्याळाचा पहिला गोळा डॉक्टरणीला लागला. घड्याळ पाहून ती अशी किंचाळली, की वर तिचा पेशंट कापसासकट खुर्चीतून उठला. चिठ्ठीवर नुसता नंबर, त्यामुळे लोकांना वाटलं हे छुपं बक्षीस. तासाभरात रांग कोपऱ्यावरून वळली. आणि मी? गल्ल्याशी बसून खूश! स्वतःच्या गिऱ्हाइकांची घड्याळं वाटली जातायत आणि हा हसतोय, असा शहाणा आपल्या घराण्यात दुसरा नाही (थोरल्या काकांना सोडून). शेवटी डॉक्टरीणच बक्षिसाचा पट्टा लहान करून मागायला आत आली, तेव्हा पट्ट्यावर माझीच शिलाई दिसली. धावत जाऊन यंत्र उघडलं. रांगेतले लोक 'फसवणूक, फसवणूक' म्हणून ओरडत होते. आत पाच घड्याळं सापडली. डॉक्टरणीने तिचं परत केलं. (मोबदल्यात माझे दात तपासले आणि दोन काढायचे ठरवले.) राहिलं ते एक, आणि ते तुझं.

मी दारावर सूचना लावली, 'चुकून मिळालेली वस्तू कृपया परत करावी.' लोक पाणघोडे परत करायला आले. रात्रंदिवस एकच विचार, ताईला तोंड कसं दाखवू? आणि काल दुपारी रोखपाल आले. खिशातून रुमाल काढला, रुमालातून तुझं घड्याळ. म्हणाले, "बक्षीस लागलं, पण दुसऱ्याच दिवशी बंद पडलं. बघा जरा." मी हात जोडून सगळी हकिगत सांगितली. त्यांची आठी थोडी सैल झाली, पण नियम तो नियम. "ठीक आहे, जिराफ द्या आणि घड्याळ घ्या. पण यंत्र उघडून नाही, मूठ फिरवून आलेला पाहिजे." मग मी भर दुपारी स्वतःच्याच दुकानासमोर उकिडवा बसून स्वतःच्याच यंत्रात नाणी टाकत होतो आणि तुझी भावजय मागे उभी राहून मोठ्याने कासवं मोजत होती. नऊ कासवांनंतर जिराफ आला. रोखपालांनी तो तळहातावर घेतला आणि चक्क हसले. बँकेत सांगितलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही.

असो. घड्याळावर ओरखडाही नाही. झाल्या चुकीची मनापासून माफी मागतो.

तुझा,
चुळबुळ्या

ता. क. भावजयीने पत्र वाचलं आणि म्हणाली, आता खरंही लिहा. ताई, पार्ट वगैरे काही मागवलेलाच नव्हता. पहिल्याच दिवशी तुझी पाठ वळल्यावर मी किल्ली दिली आणि घड्याळ चालू झालं. पण दाजी गेल्यापासून दीड वर्ष तू फाटकाबाहेर पडली नव्हतीस, ती या घड्याळासाठी पडलीस. पार्ट आला असता तर पुढच्या शनिवारी कशाला आली असतीस?

ता. क. दुसरा. दाजींनी मला शपथ घातली होती, ती आज मोडतो. हे घड्याळ हाताच्या हालचालीवर आपोआप चालतं असं त्यांनी तुला ऐटीत सांगितलं होतं ना? दुकानदाराने त्यांना फसवलं होतं. मी तेव्हा काम शिकत होतो, मीच त्यांना सांगितलं की याला रोज किल्ली लागते. तुझ्यापुढे कबूल करायची हिंमत झाली नाही त्यांची. एकतीस वर्षं, रोज सकाळी तू आंघोळीला गेलीस की ते गुपचूप किल्ली देत होते. दवाखान्यात नेईपर्यंत एक दिवस चुकवला नाही. म्हणून ते बंद पडलं, ताई. बिघडलं कधीच नव्हतं.

ता. क. तिसरा. घड्याळ पोस्टाने पाठवणार नाही. तुला किल्ली द्यायला शिकवावं लागेल, आणि ते एका शनिवारात जमण्यासारखं काम नाही.