गुनवोरकडची शांत मुलं

२ ऑक्टोबर

आलो एकदाचे! खोक्यांच्या गराड्यात बसून लिहितेय. घर छोटंसंच आहे, पण स्वयंपाकघराच्या खिडकीतून थेट बंदर दिसतं. दित्ते सकाळपासून बोटी मोजतेय. तिला दोनच्या पुढे येत नाही, म्हणून बोट दिसली की ओरडते, 'दोन!' माझा नवरा स्टीन उद्या समुद्रातल्या पवनचक्क्यांवर कामाला जाईल. दोन आठवडे तिकडे, दोन आठवडे घरी. सोमवारपासून माझं औषधांच्या दुकानातलं काम सुरू.

आणि सगळ्यात मोठा घोर मिटला. दित्तेसाठी गुनवोर मिळाली. नगरपालिकेच्या यादीतली आहे, स्वतःच्या घरी चार मुलं सांभाळते. साठीची, रुंद खांद्यांची बाई, हातांना वेलचीच्या पावाचा वास. दित्तेची बडबड ऐकून म्हणाली, अगंबाई, ही तर पोपटच आहे! काळजी नको करू, माझ्याकडे सगळी मुलं शांत होतात.

मी तिला जवळजवळ मिठीच मारली.

११ ऑक्टोबर

पहिले तीन दिवस दित्ते माझा कोट सोडेना. आता रडत नाही. गुनवोरचं वेळापत्रक कडक आहे. जेवण झालं की चारही बाबागाड्या अंगणात नाशपातीच्या झाडाखाली, मुलं दुलयांत गुरफटलेली. इथे सगळ्यांचीच मुलं गार हवेत झोपतात, आम्हीही तसेच वाढलो. तिचा एकच आग्रह आहे, न्यायला यायच्या आधी फोन करायचा. अवचित कुणी आलं की मुलं बिथरतात म्हणे.

दुकानात मी फुशारकी मारली, आमची सांभाळणारी म्हणजे लाखात एक.

२९ ऑक्टोबर

आज अर्धा दिवस सुट्टी होती. फोन न करताच एक वाजता गेले. फाटकाला कुलूप. चार बाबागाड्या दिसत होत्या, चकार आवाज नव्हता. बराच वेळ घंटा वाजवल्यावर गुनवोर आली. झोपलीयत, म्हणाली, नंतर ये.

साडेतीनला परत गेले, तरी झोपलेलीच. उचलायला पुढे झाले तर तिने वाट अडवली. झोपलेलं मूल हलवू नये गं, बस, कॉफी घे. स्वयंपाकघरातल्या, खालून फळ्यांनी बंद बाकड्यावर चाळीस मिनिटं बसले. मग तिने दित्तेला आणून माझ्या खांद्यावर ठेवलं, ओला टॉवेल टाकावा तसं. डोकं सावरत नव्हतं. डायपर सकाळी मीच बांधलेला. डब्यातला राय धान्याचा काळा पाव जसाच्या तसा.

काय खाल्लं, कोणाशी खेळली, विचारलं. गुनवोर हसली. म्हणाली, पहिलटकरणी सगळ्या सारख्याच, प्रश्नांचा पाऊस नुसता.

घरी येताना वाटलं, मीच उगाच शंकेखोर झालेय.

८ नोव्हेंबर

दित्ते खिडकीत बसते, बोट जाते, ती काही बोलत नाही.

आणि आज भरवताना दिसलं ते असं. चमचा तोंडाशी नेला की ती आधी डोळे घट्ट मिटते आणि मगच तोंड उघडते. दर वेळी. हे तिला कोणी शिकवलं?

दुकानात एक बाई आली होती, बोडिल नावाची. मूल कुणाकडे ठेवतेस, तिने विचारलं. नाव सांगितलं तर हातातली पिशवी नुसतीच उघडमीट करत राहिली. तिचा मुलगा तीन महिने होता तिथे. का काढला, ते सांगेना. जाता जाता एवढंच म्हणाली, तू एकदा न सांगता जाऊन बघ.

१४ नोव्हेंबर

दित्तेच्या थंडीच्या कोटाच्या खिशात प्लॅस्टिकचा छोटा चमचा सापडला. चिकट. वास घेतला. हा वास मी रोज घेते. अंगाची खाज थांबवायचं औषध, मोठ्या माणसांचं. याने पेंग येते, बाटलीवरच तसं लिहिलेलं असतं.

जे बघायला मला परवानगी नाही ते दुकानाच्या नोंदींत बघितलं. गुनवोर. स्वतःच्या खाजेसाठी. दर दहा दिवसांनी नवी बाटली.

सहा आठवडे मी तिला 'थँक्यू' म्हणत होते.

२१ नोव्हेंबर

नगरपालिकेची लिस्बेत तपासणीला गेली. आधी कळवून गेली! मुलं जागी होती, टेबलावर रंग मांडलेले होते. अहवालात लिहिलं, मुलं समाधानी आणि शांत. मी चमचा दाखवला. ती म्हणाली, चमचा कुठलाही असू शकतो, आणि बाटलीचं तुला कसं कळलं? कसं कळलं ते सांगितलं तर माझी नोकरी जाते. चमचा परत खिशात टाकला.

दुसरीकडे जागा मार्चमध्ये मिळेल. रजा काढून दित्तेला घरी ठेवलंय. दूध पिताना अजून डोळे मिटते.

गुनवोर बेकरीत भेटली. सगळ्यांसमोर म्हणाली, काही आयांना मूल झेपत नाही, मग दुसऱ्यांवर चिखल उडवतात. बायका खाली बघत राहिल्या.

३ डिसेंबर

रजा संपली. स्टीनने पाळी बदलून घेतलीय, घरी राहून तो सांभाळतोय. म्हणतो, पुरावा नाही रिक्के, शांत हो. शांत हो! हाच शब्द.

मी शांतच आहे. गुनवोर गार अंगणात डोळे मिटून पडलेली दिसते मला. दुकानात गोळ्या मोजताना दिसते. बरं वाटतं.

६ डिसेंबर, सकाळी दहा

स्टीनने दित्तेला गुनवोरकडे सोडलं. त्याची दाढ दुखत होती म्हणे, डॉक्टरकडे जायचं होतं. म्हणे एका सकाळीने काय होतंय. मी फोनवर किंचाळले. बाराला आणतो म्हणाला.

सव्वाबारा

स्टीनचा निरोप आला, पोचलोच आणायला.

दित्ते सुटली. आता गुनवोर आणि मी.

दोन

झालं.

एकला गेले. शुक्रवार, बाकीची मुलं लवकरच गेलेली, बाबागाड्या रिकाम्या. मला दारात बघून ती पांढरीफटक पडली. म्हटलं, दित्तेचं सगळं न्यायला आलेय, झालं गेलं विसरू. बस ना आधी, म्हणाली, कॉफी घे, घाई काय आहे. कॉफी ओतताना अर्धी टेबलावर सांडली तिने. छान वाटलं.

दित्तेच्या दुलया आणायला ती बाहेर गेली. बाटली वरच्या फळीवर होती. तिची बाटली, तिचाच कप. किती ते मोजलं नाही. तिने तरी कुठे मोजलं होतं.

अर्ध्या तासात जीभ जड झाली, मान कलली. खुर्चीसकट ओढत नाशपातीखाली नेलं. बाबागाडीच्या पट्ट्यांनी बांधलं. दुलई हनुवटीपर्यंत. दार आतून लावलं. गवतावर दव गोठलंय. ती कण्हते, मी काचेतून बघतेय. बिथरू नकोस गं. माझ्याकडे सगळ्या शांत होतात.

पावणेतीन

स्टीनचा फोन. हसत विचारतोय, कुठे भटकताय दोघी.

दोघी—

तो सव्वाबाराला इथे आला होता. गुनवोर म्हणाली, अकरालाच आई घेऊन गेली. हा तेव्हापासून घरी वाट बघतोय.

मी नाही नेलं. मी नाही—

तिने खोटं का—दित्ते उठत नव्हती. उठत नव्हती म्हणून दाखवता येईना. लपवली.

तीन

सगळ्या खोल्या बघितल्या. कपाटं, पलंगाखाली, कोठार, बाबागाड्या पुन्हा. हाका मारल्या. ती उत्तर देणार नाही, तिला झोपवलंय—

रुग्णवाहिका निघालीय. वीस मिनिटं. स्टीन धावत येतोय.

गुनवोरला आत ओढून आणलं. थोबाडीत मारल्या, पाणी मारलं. पापण्या उघडतात, मिटतात. कुठाय ती, बाई, पाया पडते. तिला फक्त तोंड हलवता येतं, आणि ते मी केलंय. मी.

तिचं तोंड माझ्या कानाशी धरलंय, त्याच बाकड्यावर बसून एकेक शब्द लिहून घेतेय. एखादा तरी लागेल हाती—

'उठवू नको'

'बाप आला'

'पांघरूण घातलंय'

पुढचं कळत नाही. पुन्हा बोल. पुन्हा—

'झाकण'

कसलं झाकण? पेटी नाही इथे. सगळं बघितलं. झाकण कसलं, गुनवोर—

'बाकड्याचं'

मी बसलेय ते—