बाबांच्या आवाजातलं गाऱ्हाणं

बाबा,

तुमच्या आवाजात मी एक वाक्य घातलं आहे आणि ते तुमचं नाही. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर नेहमीसारखी इकडचं तिकडचं बोलत बसेन आणि मुद्द्याचं राहून जाईल. तुम्ही गेलात तेव्हा मी नोकरीला नुकती लागले होते, आता निवृत्तीला आले आहे. चारकोपच्या आपल्या बैठ्या घरावर एक मजला चढला, पुढच्या अंगणात शेजाऱ्याची मोटारसायकल उभी असते, आणि तुम्ही कधी न पाहिलेला तुमचा नातू, माझा पोरगा, वरच्या खोलीत दिवसभर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेला असतो. तो अंधेरीच्या एका कॉलेजात सिनेमा शिकतो. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, सिनेमा बघायचा असतो, शिकायचा कसला?

शेवटच्या वर्षाला त्यांना एक ट्रेलर बनवायचा होता. पिक्चर नाही, फक्त ट्रेलर. पिक्चर पुढे कधी होणारच नाही, तरी त्याचा ट्रेलर करायचा, म्हणजे लग्न न ठरता पत्रिका छापल्यासारखं. मी हसले तेव्हा त्याला राग आला. त्याची गोष्ट अशी होती की एका कॉलनीत एक म्हातारा एकटा राहतो, मुलगा परदेशात, येत नाही, आणि गणपतीत सगळ्या कॉलनीसमोर म्हातारा देवापुढे मागणं मागत गाऱ्हाणं घालता घालता मुलाविरुद्धच बोलून जातो. शूटिंग सगळं मोबाइलवर झालं, आपल्याच गल्लीत. म्हाताऱ्याचं काम समोरच्या सेक्टरमधल्या एका आजोबांनी केलं. दाढीबिढी वाढवून छान दिसत होते, पण गाऱ्हाणं म्हणायला लागले की नाट्यसंगीत सुरू व्हायचं. पोरगा कपाळाला हात लावून बसला. मग मीच बोलले. म्हटलं, माझ्या बाबांची कॅसेट आहे.

ती वास्तुशांतीची कॅसेट. तुम्हाला आठवत असेल, दादाने नवा टेपरेकॉर्डर आणला होता आणि तो नारळाच्या ताटाशेजारीच ठेवला होता. तुम्ही गोदीतून हाफ डे घेऊन आलात, आंघोळ केलीत, धोतर नेसलात आणि देवासमोर उभे राहिलात. गल्लीतली सगळी मालवणी माणसं मागे उभी. तुम्ही एकेक मागणं मागताय, प्रत्येक मागण्याला सगळे मिळून ‘व्हय म्हाराजा’ म्हणताहेत, आणि मी स्वयंपाकघराच्या दारात, माझ्या कॉलेजच्या दोन मैत्रिणी आल्यात म्हणून शरमेने अर्धमेली झाले आहे. त्या दोघी घाटकोपरच्या, गुळगुळीत बोलणाऱ्या. एकीने मला विचारलं, हे भांडताहेत का गं? मी हो म्हणाले असते तर परवडलं असतं, मी म्हणाले की हे आमच्याकडे कामाला येतात ते काका आहेत. तुम्ही ऐकलं नाहीत, की ऐकलंत, ते मला कधीच कळलं नाही. जेवताना मात्र तुम्ही त्या दोघींना आग्रह करकरून वडे वाढलेत.

त्या दिवशी भांडीवाल्या मावशींच्या नवऱ्याने तुम्हाला बाजूला घेऊन सांगितलं होतं की त्याच्या भावाने जागा बळकावली, त्याचं वाटोळं होऊ दे असं एक घाला. तुम्ही घातलं नाहीत. रात्री आईने विचारलं तर म्हणालात, “गाऱ्हाण्यात सगळ्यांचा चांगला मागूचा. कोणाचा वायट मागूचा नाय. माझ्या तोंडान तर नायच नाय.” आई म्हणाली होती, बरं, बरं, आता झोपा.

तर ती कॅसेट आम्ही बोरिवलीला लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्या एकाकडून कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. नातवाने एका प्रोग्रॅममध्ये टाकली, आणि मागची माणसं, भांड्यांचे आवाज, कुकरची शिट्टी, सगळं एकेक करून निघून गेलं. उरलात फक्त तुम्ही. खोलीत तुमचा श्वास ऐकू आला, बाबा. बोलायच्या आधी तुम्ही घसा खाकरायचात ना, तेसुद्धा. मी तोंडाला पदर लावून खाली गेले आणि उगीच गॅस पुसत राहिले. तो जिन्यावरून ओरडून सांगत होता की आता आजोबांच्या आवाजात आपण काहीही बोलवू शकतो, नुसतं टाइप करायचं.

त्याला मालवणी येत नाही. कुठून येणार, मीच कधी घरात बोलले नाही. त्याने आधी साध्या मराठीत वाक्य लिहिलं, ते तुमच्या आवाजात अगदी बातम्या दिल्यासारखं वाजलं. मग मी त्याच्या शेजारी पलंगावर बसले आणि लिहायला घेतलं. तीन दुपारी बसलो आम्ही. मशीन ‘आसा’ला ‘आशा’ म्हणायचं, ‘रे म्हाराजा’चा हेल चुकायचा, मग मी अक्षरं तोडून लिहायची, एखादं लांबवायची, पुन्हा ऐकायचं. मजा येत होती, खोटं कशाला सांगू. कित्येक वर्षांत पोरगा माझ्याजवळ इतका वेळ बसला नव्हता. तुमच्या आवाजाला मी तुमची बोली शिकवत होते आणि तो मला म्हणत होता, मम्मी, तू एकदम झकास लिहितेस यार.

आणि शेवटच्या वाक्यापाशी माझा हात सुटला. त्याला फक्त एवढंच हवं होतं की म्हातारा मुलाला काहीतरी कडक बोलतो. मी लिहिलं, ‘ज्या झिलान बापाशीक शेवटाक तोंड दाखवल्यान नाय, त्येच्या म्हातारपणात त्येच्या दाराक कोणाचो पाय लागू नये रे म्हाराजा.’ विचार करावा लागला नाही. शाईचं पेन झटकल्यासारखं ते बाहेर आलं. पोराला अर्थ सांगितला, झील म्हणजे मुलगा, म्हातारपणी त्याच्या दारात कोणी फिरकू नये, तर तो म्हणाला, हे भारी आहे.

हे कोणाविषयी होतं ते तुम्हाला सांगायला नको. तुम्ही कांदिवलीच्या त्या हॉस्पिटलमध्ये होतात, दादा मस्कतला. मी रोज संध्याकाळी बूथवरून फोन करायची, तो म्हणायचा, साहेब रजा देत नाही, पुढच्या आठवड्यात नक्की. मी परत आले की तुम्ही डोळे न उघडता विचारायचात, “इलो काय गो?” मी नाही म्हणायची. तुम्ही स्वतःच म्हणायचात, येतलो, येतलो. एकदाही चिडला नाहीत. तो आला तेव्हा तुमचे दिवस सुरू होते. दारात उभा राहून रडत होता आणि मी त्याला आत ये म्हणाले ते पाच माणसांनी सांगितल्यावर. तुम्ही चिडला नाहीत याचाच मला राग होता बहुतेक. तुमच्या वाटचा रागही मीच सांभाळून ठेवला, आणि संधी मिळताच तुमच्याच तोंडी दिला.

कॉलेजच्या हॉलमध्ये ट्रेलर दाखवले त्या दिवशी मी साडी नेसून गेले. आपला ट्रेलर लागला, अंधारात तुमचा आवाज घुमला, आणि पडद्यावरच्या कॉलनीचं ऐकून दुसऱ्या मागण्यापासूनच ती सगळी पोरं, कुठली कुठली, पंजाबी, गुजराती, एका सुरात ‘व्हय म्हाराजा’ म्हणायला लागली. हसत होती, पण प्रेमाने हसत होती. ते शेवटचं वाक्य आलं आणि सगळ्यांनी आणखी मोठ्याने म्हटलं. मीही म्हटलं. मागे ज्या आवाजाची मला लाज वाटली होती, त्याच्यावर मी त्या दिवशी भाव खाल्ला. मॅडमनी विचारलं तेव्हा छाती पुढे काढून सांगितलं, माझे वडील.

घरी येताना रिक्षात मी तो ट्रेलर आपल्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. वर लिहिलं, ‘आपल्या बाबांचा आवाज, ऐका.’ एवढंच. आवाज मशीनचा आहे हे लिहायचं राहिलं असं मी स्वतःला सांगितलं. राहिलं नव्हतं, बाबा. बोट तिथे थांबलं होतं.

दादा आता मुलुंडला असतो. गुडघे गेलेत, मुलगा कॅनडात, सुनेचा फोन दिवाळीला येतो. ट्रेलर टाकल्यावर सगळ्यांचे अंगठे आले, फुलं आली, त्याचं काहीच नाही. तिसऱ्या दिवशी वहिनीचा फोन आला की हे जेवत नाहीत, तू ये. मी गेले तर तो गॅलरीत खुर्ची टाकून बसला होता, मोबाइल मांडीवर. मला बस म्हणाला नाही. त्याने विचारलं, “बाबा हॉस्पिटलात असं बोलले होते? तू तेव्हा टेप केलंस?”

मी सांगितलं, नाही रे, ते मशीनचं आहे. कॅसेटवरून आवाज घेतला आणि कॉम्प्युटरने वाक्य केलं. पोराला फोन लावते, तो दाखवेल कसं करतात. दादाने मान हलवली. आपल्याकडे लहान मूल थाप मारतं तेव्हा मोठी माणसं हलवतात तशी.

“माझ्यासाठी खोटं बोलू नकोस गो,” तो म्हणाला. “मशीनला काय ठाऊक, मी शेवटाला नव्हतो ते? मशीन ‘झील’ म्हणेल? हे बाबाच आहेत. बोलले ते बरोबरच बोलले.”

तिथे एकच वाक्य बोलायचं होतं. ‘ते मी लिहिलं’, एवढंच. तो माझ्याकडे बघतही नव्हता, सांगून टाकलं असतं तर कदाचित ओरडला असता, मारलंही असतं, लहानपणी मारायचाच. मी म्हणाले, वहिनी, चहा टाका. बाबा, त्या क्षणी मला वाईट वाटलं, आणि त्याच्या खाली कुठेतरी बरंही वाटलं. त्याला लागलं याचं बरं वाटलं. हे मी कोणाला सांगणार?

चहा तसाच राहिला. तो भिंतीला धरून उठला, वहिनीकडून नारळ मागून घेतला आणि देवाच्या फळीसमोर उभा राहिला. त्याने आयुष्यात कधी गाऱ्हाणं घातलेलं नाही, त्याला तुमच्यासारखं येतही नाही, शब्द अडत होते. म्हणाला, बापाशीच्या शेवटाक मी पोचलंय नाय, ती चूक पदरात घे रे म्हाराजा. आणि थांबला. वहिनी नगरच्या, त्यांना यातलं काही कळत नाही. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मागे उभ्या असलेल्या माणसाने म्हणायचं असतं, आणि मागे उभी मीच होते. मी नाही म्हटलं असतं तर त्याचं मागणं अर्धवट राहिलं असतं. म्हटलं तर त्याची चूक मी देवासमोर पक्की केली असं झालं असतं. मी हळूच म्हटलं, व्हय म्हाराजा. तो तेवढ्याने शांत झाला. दोन घास जेवलाही. निघताना मला जिन्यापर्यंत सोडायला आला, आणि पोराला आशीर्वाद सांग, छान केलंय म्हणाला.

पोराच्या ट्रेलरला पहिला नंबर मिळाला. तो सगळ्यांना सांगत फिरतो की डायलॉग मम्मीचा आहे, आणि एखाद दिवशी मुलुंडलाही सांगेल. म्हणून मी त्याला दम दिला आहे, मामाला यातलं काही बोलायचं नाही. का, म्हणून विचारलं त्याने. मी सांगितलं, मामाची तब्येत बरी नसते.

तुम्हाला लिहायला मला एक संध्याकाळ पुरली. तुम्ही यावर काही बोलणार नाही, हे ठाऊक असलं की हात भराभर चालतो. खरं तर हे पत्र मुलुंडला जायला हवं. दोनदा दादाचं नाव वर घालून बसले, आणि दोन्ही वेळा खाली पहिला शब्द पडला तो ‘बाबा’.